लाल सिलिंडर आणि उघडे दार

कारखान्याच्या भिंतीवर एक लाल सिलिंडर टांगलेले असते. कुठे त्यावर धुळीचा थर बसलेला असतो, तर कुठे कारीगरांचे शर्ट आणि डब्याच्या पिशव्या लटकलेल्या असतात. सेठला वाटते, सिलिंडर आणले, आपले काम झाले. कारीगराला वाटते, सेठने सोय केलेली आहे. आणि घरी वाट पाहणाऱ्या आईला किंवा बायकोला तिथे असे काही आहे की नाही, हेही ठाऊक नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल लूम, शिलाई, बेकरी, रेक्झिनच्या बॅगा, फर्निचर, वेल्डिंग, भंगार अशा धंद्यांवर पेटते. या सगळ्या धंद्यांत आगीचे खाद्य भरपूर असते: सूत, कापड, फोम, लाकडाचा भुसा, थिनर, तेल. म्हणून या महिन्यात आम्ही या लाल सिलिंडरविषयी लिहायचे ठरवले. ते कसे वापरावे हे तर सांगायचेच आहे. पण त्याआधी ते कुठे उपयोगी पडत नाही, हे सांगणे अधिक गरजेचे वाटते.

पाच आगी, एकच वेळ

गेल्या काही वर्षांतल्या पाच घटना पाहू. 18 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या एका दुकानाला आग लागली आणि 12 कामगार गेले. 8 डिसेंबर 2019 रोजी दिल्लीच्या अनाज मंडी भागात बॅगा आणि इतर वस्तू बनवणाऱ्या इमारतीत 43 माणसे गेली. त्यांत बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेले मजूर होते. 31 डिसेंबर 2023 रोजी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार गेले. 3 एप्रिल 2024 रोजी त्याच शहरातल्या छावणी भागात खाली शिलाईचे दुकान आणि वर घर असलेल्या इमारतीत एकाच कुटुंबातल्या सात जणांचा जीव गेला. 18 मे 2025 रोजी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले. त्यांत मालक आणि त्यांच्या घरची माणसे होती, तसेच तिथेच राहणाऱ्या कामगाराचे कुटुंबही होते.

शहरे निराळी, माल निराळा. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. या पाचही आगी मध्यरात्र उलटल्यावर आणि उजाडण्यापूर्वी लागल्या. माणसे झोपेत होती, आणि कामाची जागा हीच त्यांची झोपायची जागा होती, किंवा झोपायची जागा कामाच्या जागेच्या अगदी डोक्यावर होती.

आता सांगा, अशा वेळी भिंतीवरचे सिलिंडर काय करणार? सिलिंडर हे जागत्या माणसाचे हत्यार आहे. झोपलेल्या माणसाला वाचवतात त्या तीनच गोष्टी: आग लागूच नये म्हणून रात्री घेतलेली काळजी, वेळेवर जागे करणारा आवाज, आणि उघडणारे दार. झोपण्याआधी घरातले दिवे आणि विस्तव विझवावेत, ही शिकवण हदीसमध्ये आहे आणि आपल्या घरांत ती पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. तेव्हा दिवा तेलाचा होता. आज तो गरम राहिलेल्या इस्त्रीच्या, रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या आणि जुन्या वायरिंगच्या रूपाने आपल्या उशाशी असतो.

धूर आधी पोहोचतो

आगीत माणूस जळून मरतो, अशी आपली समजूत असते. बंद इमारतीत मात्र पुष्कळदा ज्वाळा पोहोचण्याआधी धूरच जीव घेतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो, माणूस गुंगतो आणि उठायचे राहून जाते. फोम जळताना तर त्याहून जहरी वायू बाहेर पडतात. गाद्या, सोफे, बॅगा, बूट या सगळ्यांत फोम असतो. ‘धुराचा वास आला की जाग येईलच’ या भरवशावर राहू नका. झोपेत वासाने जाग येईलच असे नाही. आवाजाने येते. म्हणून जिथे माणसे झोपतात तिथे छताला धूर ओळखून वाजणारा अलार्म हवा. बॅटरीवर चालणारे छोटे अलार्म मिळतात. महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून तो वाजतो का, हे पाहावे.

धुरातून बाहेर पडायची वेळ आली तर उभे राहून धावू नये. गरम धूर वर चढतो आणि जमिनीजवळ थोडी स्वच्छ हवा उरते. तोंडावर कापड धरावे आणि गुडघ्यांवर वाकून, भिंतीला हात लावत दाराकडे जावे. दार बंद असेल तर उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीने चाचपावे. गरम लागले तर पलीकडे आग आहे, दुसरी वाट शोधावी.

दाराचा हिशेब

आम्ही शाळेत मुलांना एक छोटा गृहपाठ दिला होता. अब्बू किंवा घरचे कुणी जिथे काम करते त्या जागेचा नकाशा त्यांना विचारून काढायचा आणि त्यात दारे, खिडक्या, जिना दाखवायचा. नकाशे मुलांच्या हातचे, वेडेवाकडे. पण त्यांतून जे कळले ते कोणत्याही तपासणीत कळले नसते. एका मुलाने दोन दारे काढली आणि दुसऱ्या दारावर फुली मारून लिहिले, ‘याच्यापुढे माल ठेवतात.’ एका मुलीने जिन्यावर गोण्या काढल्या होत्या. एकाने शटरच्या बाहेर कुलूप काढले. आम्ही विचारले, ‘हे कधी लावतात?’ तो म्हणाला, ‘रात्री. भाई आत झोपतो ना, माल चोरीला जाऊ नये म्हणून.’

माल चोरीला जाईल ही भीती खोटी नाही. उधारीवर आणलेला माल असतो आणि एका रात्रीत धंदा बसू शकतो. पण आत माणूस आणि बाहेर कुलूप ही व्यवस्था आग लागेपर्यंतच ठीक वाटते. चोरापासून माल राखायचे दुसरे उपाय आहेत. आतून लागणारी आणि किल्लीशिवाय झटकन उघडणारी कडी बसवता येते. शटरच्या बाजूला किंवा शटरमध्येच आतून उघडणारे छोटे दार ठेवता येते. खिडकीच्या लोखंडी जाळीत आतून उघडता येईल असा एक भाग करून घेता येतो. आणि सगळ्यात चांगले म्हणजे झोपण्याची सोय कारखान्याबाहेर करणे. त्याला खर्च येतो, हे आम्हाला माहीत आहे. पण सोलापूरच्या आगीने मालक आणि मजूर असा भेद केला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जिना आणि दाराची वाट ही कोठाराची जागा नव्हे. तिथे गोण्या नकोत आणि गॅसची टाकीही नको. रात्री चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक दुचाकी तर मुळीच नको. तिची बॅटरी पेटली तर ती विझवणे फार अवघड, आणि जी बाहेर पडायची वाट तीच पेटलेली असते.

काम संपताना पाच मिनिटे

बहुतेक आगी मोठ्या कारणाने लागत नाहीत. कुणाचे लक्ष नसलेली एखादी बारीकशी गोष्ट पुरते. म्हणून काम संपताना रोज पाच मिनिटे एका ठरलेल्या माणसाने फेरी मारावी. ‘कुणीतरी पाहील’ असे म्हटले की कुणीच पाहत नाही. माणूस ठरवा आणि त्याचे नाव भिंतीवर लिहा.

इस्त्री आणि मशिनांचे प्लग काढलेले आहेत का? रात्री लागणारा एखादा दिवा किंवा पंखा वेगळ्या स्विचवर घेऊन बाकीचा मेन बंद केला का? लूमखाली, मोटारीवर आणि वायरींवर सुताचे तंतू साचलेले नाहीत ना? ठिणगीला ते बारुदासारखे. थिनर आणि चिकटवण्याच्या रसायनाच्या डब्यांची झाकणे बंद आहेत का? फर्निचरला जवसाचे तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या कुणी काडी न लावताही आपोआप तापून पेटू शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. वेल्डिंग झाले असेल तर काम थांबल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी तिथे थांबून लक्ष ठेवावे. ठिणगी भुशात शिरून बराच वेळ धुमसत राहते. बेकरीतली राख रात्री पोत्यात भरू नये.

धुमसणे काय असते, हे मुंबईने एकदा फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकेही. कापसाला आग लागली, ती विझवण्याची धडपड चालू असतानाच स्फोट झाले, आणि अग्निशमन दलाच्या 66 जवानांचा बळी गेला. त्यांच्या आठवणीत आजही देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. कापूस वरून विझलेला दिसला तरी आत जळत असतो. गासडीला किंवा कापडाच्या ढिगाला लागलेली आग विझली असे वाटले, तरी ढीग उलगडून पाण्याने भिजवल्याशिवाय आणि अग्निशमन दलाने पाहिल्याशिवाय पाठ फिरवू नये.

विजेचेही असेच. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार बांधणे म्हणजे राखणदाराचे तोंड बांधणे. फ्यूज किंवा एमसीबी खाली पडतो तो काहीतरी बिघडले आहे हे सांगण्यासाठी. एका बोर्डावर चार मशिने जोडलेली असतील, वायर हाताला गरम लागत असेल, स्विचजवळ काळा डाग पडला असेल, तर त्याच दिवशी परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

कोणत्या आगीला कोणते सिलिंडर

आता सिलिंडरकडे वळू. सगळी सिलिंडरे लाल दिसली तरी आत एकच वस्तू नसते.

लाकूड, कापड, कागद यांची आग ‘ए’ वर्गातली. तिला पाणी चालते. पेट्रोल, थिनर, रंग यांची ‘बी’ वर्गातली. तिच्यावर पाणी मारले तर जळते द्रव पसरते. गॅसची आग ‘सी’ वर्गातली. तिथे आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून नुसती ज्वाळा विझवली तर गॅस साचतो आणि स्फोट होऊ शकतो. कढईतल्या तेलाची आग ‘एफ’ वर्गातली. तिच्यावर पाणी पडले की त्याची क्षणात वाफ होते, ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा घेते आणि जळते तेल छतापर्यंत उडवते. घरात असे झाले तर गॅस बंद करावा, कढईवर घट्ट झाकण सरकवावे आणि थंड होईपर्यंत उघडू नये. फरसाण आणि वड्यांच्या मोठ्या कढया असतील तिथे तेलाच्या आगीसाठी बनवलेले वेगळे सिलिंडर ठेवावे.

साध्या कारखान्यात बहुधा ‘एबीसी’ पावडरचे सिलिंडर असते. ते पहिल्या तिन्ही वर्गांना चालते. विजेच्या पॅनेलसाठी कार्बन डायऑक्साइडचे चांगले, कारण ते मागे कचरा ठेवत नाही. पण त्याचा भोंगा वापरताना इतका थंड होतो की उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि लहान बंद खोलीत तो वायू आपल्याच श्वासाची हवा कमी करतो. विजेच्या आगीत कोणतेही सिलिंडर उचलण्याआधी शक्य असेल तर मेन स्विच बंद करावा. पाणी मारू नये.

उचलण्याआधी तीन प्रश्न

पहिला: सगळ्यांना हाक मारली का, आणि 101 किंवा 112 वर फोन कुणी करतो आहे का? विझवून झाल्यावर फोन करू, असे म्हणू नये. दुसरा: आग अजून लहान आहे का? कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल तर प्रयत्न करावा. छताला लागली असेल किंवा खोली धुराने भरली असेल तर सिलिंडर सोडून बाहेर पडावे. तिसरा: दार आपल्या पाठीशी आहे का? आग आपल्या आणि दाराच्या मध्ये असेल तर तिथे एक क्षणही थांबू नये.

हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. पावडर सुटली की खोलीत पांढरा धुरळा होतो आणि समोरचे दिसेनासे होते. दार पाठीशी असेल तर चार पावले मागे येऊन माणूस बाहेर पडतो. म्हणून सिलिंडर टांगायचे तेही दाराजवळ, छातीच्या उंचीवर. ते घ्यायला जाणारा माणूस आपोआप बाहेरच्या वाटेकडेच जातो.

वापरण्याची रीत चार शब्दांत मावते: पिन, नेम, दाब, झाड.

पिन ओढून काढा. सहा ते आठ फुटांवर उभे राहून नळीचा नेम आगीच्या मुळाशी धरा. ज्वाळेच्या शेंड्यावर मारलेली पावडर वाया जाते. वरचा दांडा दाबा. मग झाडू मारतो तशी नळी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवा. फार जवळून मारले तर जोराच्या झोताने भुसा, सूत किंवा जळते तेल उडून आग पसरते. मोकळ्या जागेत असाल तर वारा पाठीशी असू द्या.

सहा किलोचे सिलिंडर साधारण 15 ते 20 सेकंदांत रिकामे होते. हे आकडे कारीगरांना जरूर सांगा. कित्येकांना वाटते की ते पाण्याच्या नळासारखे चालत राहील. एक सिलिंडर संपले आणि आग उरली, तर दुसऱ्याच्या शोधात आत जायचे नाही. बाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे आणि बाहेर सगळी माणसे मोजायची. आग विझली तरी तिच्याकडे पाठ न करता मागे सरकत यावे. आणि एकदा थोडेसेही वापरलेले सिलिंडर तसेच टांगू नये. ते पुन्हा भरून घ्यावे, कारण झडपेत पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो.

अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये. थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे, तोंड हातांनी झाकून लोळावे. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते पाणी घालावे. हळद, टूथपेस्ट, शाई यांतले काहीही लावू नये.

वाचता येईल अशा भाषेत

भाषा शिकवणारे म्हणून आम्हाला एक गोष्ट टोचते. सिलिंडरवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. लूमवर उभा असलेला माणूस उर्दू वाचतो, हिंदी किंवा बंगाली वाचतो, किंवा काहीच वाचत नाही. त्याच्यासाठी ती सूचना नसल्यासारखीच. आपल्या घरातली शिकलेली मुले-मुली यात कामाला येतील. एका कागदावर चार चित्रे काढायची आणि खाली कारीगरांच्या भाषेत चार शब्द लिहायचे. तो कागद सिलिंडरशेजारी चिकटवायचा. मग सगळ्यांना एकदा सिलिंडर उचलायला लावायचे. सहा किलो म्हणतात ते पावडरचे वजन. भरलेले सिलिंडर त्याहून बरेच जड असते. ते आपल्याला पेलते का, हे आगीच्या दिवशी कळू नये.

महिन्यातून एकदा पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. काट्याची सुई हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील शाबूत आहे का, नळी फुटलेली नाही ना, तपासणीची तारीख उलटली नाही ना. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो. त्याचे वजन करून पाहावे लागते. विकत घेताना आयएसआय खूण पाहावी. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा 2006 चा कायदा आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींत ही साधने चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासून तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. नुसता कागद घेऊन समाधान मानू नका. तपासणाऱ्याला कारीगरांसमोर सिलिंडर चालवून दाखवायला सांगा.

घरच्यांनी विचारायचे प्रश्न

हे सगळे कारखान्याचे प्रश्न वाटतील, पण ते घरातूनच विचारले जायला हवेत. मुलगा भिवंडीला, मालेगावला किंवा मुंबईला कामाला असेल तर फोनवर आपण विचारतो, ‘जेवलास का? पैसे पाठवलेस का?’ त्यात आणखी तीन प्रश्न घालावेत. तू झोपतोस कुठे? तिथले दार रात्री आतून उघडते का? दुसरी वाट कोणती? उत्तर देताना तो अडखळला तर विषय तिथेच सोडू नका. नव्या मजुराला सेठशी बोलायला संकोच वाटतो. घरातल्या वडीलधाऱ्याने सलाम करून, अदबीने पण स्पष्ट विचारले तर बहुतेक सेठ ऐकतात. तेही कुणाचे तरी अब्बू आहेत.

आणि जे वाचक स्वतः सेठ आहेत, त्यांच्यासाठी एकच काम. आज रात्री कारखाना बंद व्हायच्या वेळी तिथे जा. दिवे घालवा. कारीगर जिथे झोपतात तिथे उभे राहा आणि अंधारात, हाताने चाचपत, कुणालाही किल्ली न मागता बाहेर येऊन दाखवा. येता आले तर अल्हम्दुलिल्लाह. नाही आले, तर उद्या सकाळी पहिले काम लोहाराला बोलावण्याचे.